घर एक, यंत्रे तीन

गेल्या वर्षीच्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेची संध्याकाळ होती. स्वयंपाकघरात सौ. आणि धाकट्या भावाची बायको चकल्यांचा घाणा काढीत होत्या, आणि आम्ही बाकीची मंडळी माजघरात एका नव्याकोऱ्या लॅपटॉपभोवती कोंडाळे करून बसलो होतो. धाकट्याने तो नुकताच आणला होता.

"दादा, तुझं ते चित्रं काढायचं सॉफ्टवेअर ह्याच्यावर पण टाकून दे," तो म्हणाला. "पोराला आकाशकंदिलाचे नमुने काढायचे आहेत."

मी मॅट्रिक होऊन चित्रकलेचा शिक्षणक्रम पुरा केला आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. संगणकाशी माझा संबंध चित्रापुरता आणि हस्तलिखितापुरता. पण ते सॉफ्टवेअर मी रोख पैसे मोजून, पावती घेऊन विकत आणलेले होते. प्रथम ते माझ्या टेबलावरच्या संगणकावर टाकले. पुढे कन्या कॉलेजात गेली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर टाकले. दोन्ही वेळा काम बिनबोभाट झाले. आता तिसऱ्यांदा मात्र पडद्यावर एक चौकट उमटली: ह्या परवान्याची मर्यादा संपली आहे.

मास्तराचा राग तो! "पैसे मी मोजले, पावती माझ्या नावाची, घर आमचे. मर्यादा घालणारे हे कोण?" असे मी पडद्याला दरडावून विचारले. पडदा गप्प राहिला. बोलली ती कन्या.

"बाबा, मर्यादा तुम्हीच मान्य केली आहे. टाकताना एक लांबलचक मजकूर आला होता, त्याच्याखाली तुम्ही 'मान्य आहे' दाबलंत."

तिने तो मजकूर शोधून काढला आणि मोठ्याने वाचून दाखविला. परवाना एका माणसाचा होता. त्या माणसाने तो फार तर दोन यंत्रांवर टाकावा, आणि दोन्हींवर एकाच वेळी वापरू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. म्हणजे तिसऱ्या यंत्राचे राहू द्या, बापलेकींनी दोन यंत्रांवर एकाच वेळी काम करणे हेही नियमाबाहेरच चालले होते. 'प्रश्नपत्रिकेवरील सूचना आधी वाचा' असे मी पोरांना वर्षानुवर्षे बजावीत आलो आणि स्वतः मात्र सूचनेकडे न पाहता सही ठोकून मोकळा झालो!

चकल्या खाऊन राग शमला. पण प्रश्न काही शमला नाही. दुकानातून आणलेली वस्तू आपल्याच घरात किती ठिकाणी वापरावी, हे विकणाऱ्याने ठरवावे, ही रीत जगात आली कोठून? सुट्टीचे दिवस हाताशी होते. मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो. आणि जे हाती आले ते इतके मनोरंजक निघाले की, फराळाच्या ताटाबरोबर तेही वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

*

सुरुवात पुस्तकापासून करावी लागते. १९०४ साली अमेरिकेत 'द कास्टअवे' नावाची एक कादंबरी निघाली. प्रकाशकाने तीत एक सूचना छापली होती: हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीत विकल्यास तो आमच्या कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसी नावाच्या मोठ्या दुकानाने ही सूचना खुशाल बाजूस सारली आणि कादंबरी ८९ सेंटला विकली. प्रकाशकाने फिर्याद केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ साली निकाल लागला, तो प्रकाशकाविरुद्ध. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, प्रत एकदा विकलीत की त्या प्रतीवरचा तुमचा ताबा सुटला. आत एखादी सूचना छापल्याने पुढच्या गिऱ्हाइकाचे हात बांधले जात नाहीत.

आपण मराठी माणसे हे तत्त्व न्यायालयात न जाताच पाळीत आलो आहो. माझी एक प्रत गावच्या वाचनालयाने घेतली की ती शंभर घरांतून फिरून येते. कोणी पानाचा कोपरा दुमडतो, कोणी शेवट आवडला नाही म्हणून समासात शिवी लिहितो. मला त्याचे एका पैशाचेही मानधन मिळत नाही, आणि मिळावे असे मला वाटतही नाही. कारण पुस्तक स्वतःची मर्यादा स्वतःच सांभाळते. ते शेजाऱ्याकडे गेले की माझ्या फळीवर नसते. एका प्रतीचे दोन प्रती होणे हे आपोआप घडत नाही.

संगणकाची आज्ञावली ह्याच एका बाबतीत पुस्तकाहून वेगळी निघाली, आणि पुढचे सारे रामायण त्यातून घडले. पुस्तक वाचताना त्याची नक्कल होत नाही. आज्ञावली मात्र नक्कल केल्याखेरीज चालतच नाही. तबकडीवरून ती यंत्रात उतरवावी लागते, ही एक नक्कल. आणि चालविताना ती यंत्राच्या स्मृतीत भरली जाते, ही दुसरी. कॉपीराइट म्हणजे तर मुळी नक्कल करण्याचा हक्क. म्हणून पुस्तक वाचावयास कोणाची परवानगी लागत नाही. पण आज्ञावली चालवावयाची तर परवानगी लागते. परवानगी आली की तिच्यामागून तिच्या अटी आल्या, आणि अटींमागून आकडा आला.

*

आरंभी मात्र आकडा नव्हता, कारण किंमतच नव्हती. जुन्या काळी संगणक म्हणजे खोली भरून बसणारे धूड. कारखानदार ते विकी किंवा भाड्याने देई, आणि त्याबरोबरच्या आज्ञावल्या अशाच मिळत. सायकलीबरोबर पंप मिळावा तशा. २३ जून १९६९ रोजी आयबीएम ह्या बलाढ्य कंपनीने जाहीर केले की, यापुढे यंत्राची किंमत निराळी आणि आज्ञावल्यांची निराळी. सरकारचा मक्तेदारीविरोधी खटला त्या वर्षी कंपनीच्या मागे लागलाच होता. कारणे काहीही असोत. आज्ञावली ही स्वतंत्र विकावयाची वस्तू आहे, ही कल्पना त्या दिवसापासून बाजारात रुजू लागली.

हे सारे कंपन्याकंपन्यांतले व्यवहार. घरात संगणक आला तो १९७५ साली, आल्टेअर नावाने. ३९७ डॉलर द्यावेत आणि सुटे भाग जोडून तो घरीच तयार करावा. त्याच्याशी बोलावयास भाषा हवी, म्हणून बिल गेट्स आणि पॉल ॲलन ह्या दोघा तरुणांनी बेसिक ही भाषा त्यात बसवून दिली. ती भोके पाडलेल्या कागदी फितीवर येई. सुटी घेतल्यास किंमत ५०० डॉलर, म्हणजे यंत्राहून भाषाच महाग!

त्या वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो गावी एका हॉटेलात आल्टेअरचे प्रदर्शन भरले होते. तेथून एक फीत कोणीतरी उचलली. पुढे हौशी मंडळींच्या 'होमब्रू' नावाच्या क्लबात तिच्या नकलांचा ढीग येऊन पडला. वाटण्याची अटही मोठी गमतीची: एक न्यावी, पुढच्या खेपेस दोन आणून द्याव्यात. आपल्याकडे विरजणाची देवघेव चालते ना, त्यातलाच प्रकार.

३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या गेट्सने ह्या हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. ह्या कामासाठी वापरलेल्या संगणक-वेळेचीच किंमत चाळीस हजार डॉलरच्या वर जाते. आल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी भाषा विकत घेतली. हिशेब केला तर आमच्या कष्टाला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. यंत्राचे पैसे सगळे देतात, आज्ञावली मात्र वाटून घ्यायची असे समजतात, हे त्याला सलत होते. पत्र वाचून पुष्कळजण संतापले. पण त्यातला प्रश्न खोटा नव्हता. वस्तू दिसत नाही, वजन भरत नाही, नक्कल फुकट होते. मग करणाऱ्याचे पोट कशावर भरावयाचे?

*

उत्तर म्हणून प्रथम कुलपे आली. लोटस १-२-३ हा हिशेबाचा कार्यक्रम १९८३ साली बाजारात आला. तो चालू करताना मूळ तबकडी यंत्राच्या तोंडात असावी लागे. नक्कल करून भागत नसे. आपल्याकडे मराठी अक्षरजुळणीच्या कार्यक्रमांबरोबरही एक बोटभर लांबीचे कुलूप येई, प्रिंटरच्या जागी मागे लावावयाचे. माझी पहिली कादंबरी ज्या छापखान्यात जुळविली, तेथले मालक रात्री ते कुलूप काढून गल्ल्यात, पैशांशेजारी ठेवून देत. ते हरवले तर दोन दोन संगणक असूनही छापखाना मुका. कुलूप एक, म्हणून यंत्र एक. हिशेब सरळ होता. पण प्रामाणिक गिऱ्हाइकाला त्याचा जाच होई आणि चोराला पळवाट सापडे.

ह्या कुलपांच्या गर्दीत एक निराळा माणूस उभा राहिला. बोरलँड कंपनीचा फिलिप कान. त्याच्या कंपनीने १९८३ साली टर्बो पास्कल नावाचा कार्यक्रम पन्नास डॉलरला पाच सेंट कमी, अशा किमतीत आणला. आणि आपल्या मालाबरोबर जो परवाना ती देऊ लागली, तो लहान मुलालाही समजावा असा होता. त्याचा आशय असा: हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा. कितीही माणसांनी वापरावे, एका यंत्रावरून दुसऱ्यावर खुशाल न्यावे. अट एकच, ते एकाच वेळी दोन ठिकाणी वापरले जाण्याची शक्यता नसावी. जसे एकच पुस्तक दोन घरांत दोन माणसे एकाच वेळी वाचू शकत नाहीत, तसे.

ही ओळ वाचताना मी थबकलो. माझ्या परवान्यातील 'दोन यंत्रे, पण एकाच वेळी नव्हे' ही अट ह्याच विचाराची धाकटी बहीण आहे! जी मला जुलमी वाटली, ती वस्तुतः सॉफ्टवेअरला पुस्तकाजवळ आणण्याची धडपड होती. पुस्तकाला जी मर्यादा निसर्गाने घातली, ती येथे शब्दांनी घालावी लागली, इतकेच.

*

मात्र सगळ्यांचे शब्द असे सुटसुटीत नव्हते. पेटीवरचे प्लास्टिक फाडले की करार झाला, अशी एक चाल पडली. असा करार खरा की खोटा? १९९६ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयापुढे हा प्रश्न आला. दूरध्वनी-पुस्तिकांची एक तबकडी होती. घरगुती गिऱ्हाइकाला स्वस्त, धंदेवाल्याला महाग. एकाने घरगुती दराने घेऊन तिच्यावर धंदा मांडला. अटी पेटीच्या आत होत्या. तरीही न्यायालयाने ठरविले की, वाचून नापसंत असल्यास परत करण्याची मुभा होती आणि त्याने ती घेतली नाही; तेव्हा करार बंधनकारक. १९०८ साली कादंबरीतील सूचना जेथे निरुपयोगी ठरली, तेथे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी पेटीतील सूचना उपयोगी पडली, कारण आता तिला कराराचे रूप आले होते. वाचकांनी ह्यातला दुसराही मुद्दा लक्षात ठेवावा: पेटीवर 'घरगुती' लिहिलेले असते तेव्हा ते स्वस्त असण्याचे कारण पुष्कळदा हेच की, त्यावर धंदा करावयाचा नसतो.

मग २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीबरोबर यंत्राने स्वतःच मोजदाद करण्याची रीत घरोघर पोचली. टाकलेल्या कार्यक्रमाने यंत्राच्या भागांवरून एक आकडा तयार करावयाचा, तो परवान्याच्या क्रमांकासह कंपनीकडे पाठवावयाचा, आणि तेथे हजेरी लागावयाची. यंत्रातले मुख्य भाग बदलले तर जुन्या विद्यार्थ्याला नवा समजून मास्तरने नाव विचारावे, तशी पुन्हा चौकशी होते. आमच्या माजघरात जी चौकट उमटली, ती ह्या हजेरीपटावरून.

पण घरात एकाहून अधिक यंत्रे असतात हेही कंपन्यांना उमजू लागले. २००२ साली ॲपलने 'फॅमिली पॅक' काढला. एका यंत्राचा परवाना १२९ डॉलर. तर १९९ डॉलरमध्ये एकाच घरातील पाच यंत्रांना मुभा. मायक्रोसॉफ्टच्या २००७ च्या 'होम अँड स्टुडंट' ऑफिसला घरातील तीन यंत्रांची परवानगी होती. २०१३ साली नव्या ऑफिसचा परवाना एकाच यंत्राला कायमचा जखडला गेला, ते यंत्र मोडले तरी. एवढी ओरड झाली की, मार्च महिन्यातच कंपनीला तो दुसऱ्या यंत्रावर नेण्याची सवलत द्यावी लागली. पुढे ऑक्टोबर २०१८ पासून तिच्या वर्गणीच्या परवान्यात यंत्रे मोजणेच सोडून देण्यात आले. कुटुंबाच्या वर्गणीत सहा माणसे, आणि प्रत्येकाने एका वेळी पाच यंत्रांवर हजर राहावे, असा नियम झाला. आधी यंत्र मोजले, मग घर मोजले, शेवटी माणूस मोजला. जनगणनेचीच गोष्ट म्हणा ना!

*

मग आपण जे आणतो ती वस्तू की नुसती परवानगी? ह्यावर शहाण्यासुरत्या न्यायालयांचेही एकमत नाही. अमेरिकेत एकाने घरगुती जुनापुराण्या सामानाच्या विक्रीत नकाशे आखण्याचा 'ऑटोकॅड' कार्यक्रम घेतला आणि तो पुढे विकू लागला. २०१० साली अपील न्यायालय म्हणाले, मूळ गिऱ्हाईक मालक नव्हतेच, परवानाधारक होते. सबब पुढची विक्री चालणार नाही. उलट २०१२ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरविले की, कायमचा परवाना एकरकमी किंमत घेऊन दिला म्हणजे ती विक्रीच; तो पुढे विकता येतो. मात्र विकणाऱ्याने आपल्याकडची प्रत निकामी केली पाहिजे. पुन्हा पाहा, पुस्तकाचाच न्याय: दिले म्हणजे आपल्या फळीवर उरू नये.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा. १९८४ च्या दुरुस्तीने त्यात संगणकाच्या आज्ञावलीला वाङ्मयकृतींच्या पंगतीला बसविले. माझी कादंबरी आणि ते चित्रांचे सॉफ्टवेअर कायद्याच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत, हे वाचून मला हसू आले. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. ज्याच्याजवळ कायदेशीर प्रत आहे त्याने ती ज्या कामासाठी दिली त्या कामापुरती नक्कल करावी, आणि नाश किंवा हानी ह्यांच्या भीतीने एक राखीव नक्कलही ठेवावी, ही मुभा दिली. आणि जाणूनबुजून चोरीची आज्ञावली संगणकावर वापरणाऱ्यास कमीत कमी सात दिवसांची कैद व पन्नास हजारांचा दंड ठरविला. नफ्यासाठी वापर नसेल तर कैद माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला ठेवला. २०२१ साली कराच्या एका मोठ्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्वाळा दिला की, असे सॉफ्टवेअर घेणाऱ्याला कॉपीराइट मिळत नाही, कॉपीराइट असलेली एक वस्तू मिळते. पुस्तक आणले म्हणजे पुस्तक आपले. पुस्तक छापण्याचा हक्क आपला नव्हे.

*

येथवर सारे डोक्याला पटले. काळजाला पटले ते भाऊबीजेच्या दिवशी.

त्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला: "सर, तुमची कादंबरी वाचली. फार आवडली." मी हरखलो. कोठे मिळाली, विचारले. तर त्याच्या गटात कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिची छायाचित्रे काढून फुकट वाटली होती. त्या कादंबरीला माझी चार वर्षे गेली होती. आणि पाचशे प्रतींची ती दुसरी आवृत्ती अजून प्रकाशकाच्या गोदामात पडून होती. मी तावातावाने माजघरात आलो. "चोरी आहे ही, शुद्ध चोरी!"

कन्या लॅपटॉपवर काम करीत होती. तिने मान वर केली, काही बोलली नाही. पडद्यावर तेच चित्रांचे सॉफ्टवेअर उघडे होते. माझ्या टेबलावरच्या संगणकावरही तेच उघडे होते.

मी मुकाट्याने कपाटातून प्रकाशकाशी केलेला करार काढला. त्यात लिहिले होते: लेखक प्रकाशकास ह्या कादंबरीच्या एका आवृत्तीच्या पाचशे प्रती छापण्याची परवानगी देत आहे. पाचशे, पाचशे एक नव्हे. खाली माझी सही. म्हणजे मीही आयुष्यभर परवानेच देत आलो होतो, आणि त्यावर आकडाही घालीत आलो होतो! प्रकाशकाने 'यंत्र माझे, कागद माझा, शाई माझी. मग मर्यादा घालणारे तुम्ही कोण?' असे म्हणून सहाशे प्रती छापल्या असत्या, तर मी काय म्हटले असते? वसुबारसेला पडद्याला विचारलेला प्रश्न भाऊबीजेला परत माझ्याच दारी आला.

त्या रात्री आम्ही घरची सभा भरविली. माझा परवाना माझ्या संगणकावर ठेवला. कन्येच्या लॅपटॉपवरची प्रत रीतसर रद्द करून काढून टाकली. नुसते यंत्र विकून किंवा फेकून भागत नाही, आधी हजेरीपटावरून नाव कमी करावे लागते, हेही तेव्हा शिकलो. दोघा मुलांसाठी 'इंकस्केप' आणि 'क्रिटा' हे कार्यक्रम उतरवून घेतले. ते मुक्त परवान्याचे आहेत. रिचर्ड स्टॉलमन ह्या गृहस्थाने १९८३ साली एक चळवळ सुरू केली, आणि १९८९ साली 'जीपीएल' नावाचा परवाना लिहिला. वापरा, वाटा, हवे तेवढ्या यंत्रांवर टाका, असे तो सांगतो. तेथेही परवाना आहेच, पण कर्त्याने आपखुशीने दिलेला. दान आणि चोरी ह्यांत वस्तू तीच असते. देणाऱ्याचा होकार तेवढा मध्ये असतो.

धाकट्याने विचारले, "मग दादा, पेटी घेताना पाहायचं तरी काय?" मी म्हणालो, चार प्रश्न विचार. मोजतात काय, यंत्र की घर की माणूस? एकाच वेळी वापरता येते का? घरगुती की धंद्याचेही? आणि यंत्र बदलले तर परवाना बरोबर नेता येतो का? यंत्रासोबत आलेले सॉफ्टवेअर बहुधा त्या यंत्राबरोबरच राहते, हेही त्याला सांगितले. चारांची उत्तरे मिळाली की 'मान्य आहे' दाब. आधी नको.

त्या जुन्या विद्यार्थ्याला मी रागाचे पत्र लिहिले नाही. कादंबरीची एक प्रत सही करून पाठविली, आणि सोबत चिठ्ठी घातली: "वाचून झाली की गावात फिरव. कितीही जणांनी वाचावी. मात्र एका वेळी एकानेच."

गेल्या महिन्यात त्याचे उत्तर आले. प्रत अठराव्या घरी पोचली आहे, पुठ्ठा निखळला आहे. आणि त्या अठरांपैकी तिघांनी प्रकाशकाकडून स्वतःच्या प्रती मागविल्या आहेत.